बेसिनचं झाकण काढून जाळी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉश बेसिनच्या तोंडावरचं झाकण काढून तिथे जाळी बसवावी का, कुठली घ्यावी, बसवल्यावर पाणी का साचतं, असे प्रश्न सतत येत असतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांच्याच उपयोगाचे आहेत, पुढचे अडचणीच्या प्रकरणांचे. माझं मत आधीच सांगून ठेवते: बहुतेक घरांत पूर्ण फिटिंग बदलावी लागत नाही आणि प्लंबरही लागत नाही. जाळी मात्र हाताने उचलून काढता येईल अशीच घ्या. खालची बरीच उत्तरं शेवटी याच मुद्द्यावर येतात.

१. बेसिनसोबत झाकण आलेलंच आहे. ते काढून जाळी कशाला लावायची?

झाकण पाणी अडवतं, जाळी कचरा अडवते. आपल्याकडे बेसिनमध्ये पाणी साठवून तोंड धुण्याची रीत नाही. आपण वाहत्या पाण्याखाली हात धुतो, चूळ भरतो. त्यामुळे झाकण वर्षानुवर्षं उघडंच असतं आणि त्याच्या कडेने केस, साबणाचे तुकडे, टूथपेस्टचं बूच असं सगळं आत जातं. झाकणाच्या खाली जो दांडा असतो त्याला केस गुंडाळले जातात. त्यावर साबण आणि पाण्यातले क्षार मिळून चिकट थर बसतो, आणि तो थर पुढच्या केसांना धरून ठेवतो. तुंबण्याची सुरुवात अशी तोंडापासून चार बोटांच्या आतच होते.

दुसरं कारण पाण्याच्या वेळांचं. जिथे पाणी ठराविक वेळीच येतं तिथे कोणीतरी नळ उघडून बघतो, पाणी नसतं, नळ तसाच राहतो. पहाटे पाणी येतं तेव्हा झाकण चुकून दाबलेलं असलं तर बेसिन भरून पाणी घरभर होतं. जाळी असली तर ते निदान वाहून जातं. (बेसिनला ओव्हरफ्लोचं, म्हणजे काठाजवळ जादा पाणी वाहून जाण्याचं भोक असेल तर काय, ते प्रश्न ९ मध्ये.)

२. माझ्या बेसिनला कुठल्या प्रकारचं झाकण आहे हे कसं ओळखू?

तीनच प्रकार नेहमी दिसतात. साखळीला बांधलेलं रबरी बूच असेल तर काढण्यासारखं काहीच नाही, साखळी सोडवा आणि जाळी ठेवा. झाकण बोटाने दाबलं की बंद होतं आणि पुन्हा दाबलं की वर येतं, ते दाबाचं पॉप-अप; गेल्या काही वर्षांतल्या नव्या बाथरूममध्ये बहुतेक हेच असतं. आणि नळाच्या मागे एक बारीक दांडी असून ती वर ओढली की झाकण बंद होत असेल, तर ते दांडीचं पॉप-अप. त्याच्या खाली, बेसिनच्या पोटात, एक आडवी सळई असते. ती काढताना काळजी घ्यावी लागते, म्हणून त्याचं उत्तर वेगळं दिलं आहे (प्रश्न १५).

३. दाबाचं झाकण निघतच नाही. कसं काढायचं?

आधी झाकण दाबून वर आणा. मग टोपी घट्ट धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बहुतेक टोप्या आट्यांवर बसवलेल्या असतात आणि चार-सहा फेऱ्यांत सुटतात. हात सटकत असेल तर भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला, पकड लगेच मिळते. पक्कड लावायचीच झाली तर टोपीभोवती जाडं फडकं गुंडाळा, नाहीतर क्रोमवर ओरखडे पडतील आणि ते जात नाहीत.

तरीही हलत नसेल तर क्षार धरलेले असतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं टोपीच्या कडेला तासभर दाबून ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. काही मॉडेलमध्ये टोपी फिरतच राहते, सुटत नाही. तिथे टोपी आणि खालची यंत्रणा एकत्र असते आणि फिरवताना वर खेचलं की संपूर्ण बाहेर येते.

टोपी निघाली की खाली स्प्रिंगचा बोटभर लांबीचा तुकडा दिसेल. तोही आट्यांवरच असतो, तो काढा. त्याच्यासोबत जे वर येतं त्याची तयारी ठेवा: काळा, बुळबुळीत, शेपटीसारखा लांब गुंता, ज्यात केस कुठे संपतात आणि साबण कुठे सुरू होतो ते कळत नाही. वर्तमानपत्राचा कागद आधीच बाजूला पसरून ठेवा. गुंता तुटू न देता सावकाश वर ओढा, कारण अर्धा तुटून खाली गेला तर तो बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिनखाली थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या बाटलीसारख्या भागात, जाऊन बसतो. मग जुन्या टूथब्रशने आतली भिंत घासून घ्या. पुष्कळ लोक इथेच थांबून म्हणतात की पाणी आता छान जातंय, जाळी नको. दोन-चार महिन्यांनी तोच गुंता पुन्हा तयार होतो.

४. जाळी लावायची म्हणजे खालचं कपलिंगही बदलावं लागतं का?

नाही. बेसिनच्या भोकात बसवलेली, वर चकती आणि खाली आटे असलेली नळी म्हणजे वेस्ट कपलिंग. झाकणाची यंत्रणा या नळीच्या आत असते. ती काढली की कपलिंग जागेवर राहतं आणि जाळी त्याच्या तोंडात बसते. पाणी बंद करायला नको, खाली बादली नको, सिलिकॉन नको.

कपलिंग बदलायचं ते तीनच कारणांनी: चकतीचं क्रोम उडून ती गंजली असेल, खालून गळत असेल, किंवा आतली यंत्रणा काढता न येणारी असेल. त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

५. दुकानदार म्हणतो “सगळ्यांना बसते”. घरी आणली तर बसत नाही. माप कसं घ्यायचं?

आपल्याकडच्या बेसिनच्या कपलिंगचं माप ३२ मिमी, म्हणजे सव्वा इंच, सांगतात. घोळ इथेच होतो. ३२ मिमी हे खालच्या नळीचं माप आहे. वरचं तोंड त्याहून रुंद असतं आणि कंपनीगणिक वेगळं असतं. म्हणून “३२ची जाळी द्या” असं मागू नका.

झाकण काढून मग साध्या पट्टीने तीन मापं घ्या. पहिलं, तोंडाची आतली रुंदी, अगदी काठावर. दुसरं, चकतीची बाहेरची रुंदी. तिसरं, काठापासून आतल्या आडव्या पट्टीपर्यंतची खोली. बऱ्याच कपलिंगमध्ये आत अधिक चिन्हासारखी पट्टी असते आणि खोल टोपलीसारखी जाळी तिला टेकून वर उचललेली राहते. टोपलीच्या जाळीचा आतला भाग पहिल्या मापापेक्षा किंचित कमी हवा आणि तिचा काठ पहिल्या मापापेक्षा जास्त पण दुसऱ्यापेक्षा कमी हवा. मोबाइलवर पट्टीसकट फोटो काढून न्या.

दुकानात “बेसिनची जाळी” एवढंच म्हटलं तर पुष्कळदा मोरीची किंवा किचन सिंकची जाळी पुढे येते. “वॉश बेसिनच्या कपलिंगच्या तोंडात बसणारी” असं स्पष्ट सांगा.

६. स्टील, सिलिकॉन, प्लास्टिक, पितळ: कुठली जाळी घ्यावी?

रोजच्या वापराला स्टीलची, भोकं पाडलेली जाळी मला सगळ्यांत योग्य वाटते. भोकं पाडलेली म्हणजे पत्र्याला गोल छिद्रं असलेली. तारेची विणलेली जाळी कचरा चांगला धरते, पण केस तिच्या विणीत अडकतात आणि एकेक ओढून काढावे लागतात. शिवाय तिच्या कडेच्या तारा काही महिन्यांत सुटून बोटाला टोचतात.

स्टील घेताना ३०४ ग्रेड विचारा. स्वस्त जाळ्या बहुतेक २०२च्या असतात आणि ओलसर बाथरूममध्ये त्यांवर तांबूस डाग लवकर पडतात. चुंबक लावून बघण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण २०२सुद्धा चुंबकाला फारसं चिकटत नाही. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, टिकाऊपणा त्यातून येतो. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेत ३०४वरही फिकट डाग येऊ शकतात, पण ते वरवरचे असतात आणि घासून जातात.

सिलिकॉनची चपटी जाळी गंजत नाही आणि मापाची चिंता कमी, कारण ती चकतीवर नुसती पडून राहते. अडचण अशी की पाण्याचा जोर आला की ती सरकते, आणि तिच्याखाली बुळबुळीत थर साठतो. प्लास्टिकची जाळी तात्पुरती ठीक. पितळेवर क्रोम चढवलेली घ्यायला हरकत नाही, पण तिला ॲसिड लागू देऊ नका (प्रश्न १३).

मधोमध दांडा असलेली, छत्रीसारखी जाळीही मिळते. ती झाकणाच्या जागी अगदी नेमकी बसते आणि दिसतेही छान. केस तिच्या दांड्याभोवती गोळा होतात, त्यामुळे वरून स्वच्छ दिसते आणि आत भरलेली असते. ती घेतलीत तर उचलून बघायची सवय लावावी लागेल.

७. प्लंबर म्हणतो जाळी जोडलेलंच नवं कपलिंग बसवू, कटकट नको. बसवू का?

घरच्या बेसिनला नको. ऑफिस, हॉटेल, मंगल कार्यालयाच्या बेसिनला असं कपलिंग योग्य, कारण तिथे सुटी जाळी जागेवर राहत नाही. घरात त्रास असा की जोडलेल्या जाळीची भोकं मोठी असतात, केस त्यातून अर्धे आत जातात आणि खालच्या बाजूला लोंबत राहतात. वरून हात पोचत नाही, खालून काढायचे तर बॉटल ट्रॅप खोलावा लागतो. सुटी जाळी ज्या कामाला दहा सेकंद घेते त्याच कामाला इथे प्लंबरची फेरी लागते.

कपलिंग खराब झालं म्हणून बदलायचंच असेल तर साधं, उघड्या तोंडाचं घ्या आणि वर सुटी जाळी ठेवा. घेताना एक गोष्ट बघा. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर कपलिंगच्या वरच्या भागात खाच हवी. दुकानात याला हाफ थ्रेड म्हणतात. भोक नसेल तर फुल थ्रेड. उलटसुलट झालं तर एकतर ओव्हरफ्लोचं पाणी जायला वाट राहत नाही, नाहीतर नको तिथून गळतं.

काम असं करा. खाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपचा वरचा नट हाताने सोडवा. मग कपलिंगचा चेकनट, म्हणजे बेसिनच्या खालून कपलिंग आवळून धरणारा नट, पान्याने फिरवा. वरची चकती सोबत फिरायला लागली तर पक्कडीचे दोन्ही हात तोंडातल्या आडव्या पट्टीत अडकवून कोणालातरी धरायला सांगा. नट गंजून बसला असेल तर करवतीच्या पात्याने कापावा लागतो. पातं बेसिनला लागणार नाही इतकं सावकाश कापा.

जुनं कपलिंग वर निघालं की भोकाच्या काठावरचं जुनं सिलिकॉन किंवा व्हाइट सिमेंट पूर्ण खरवडा. या साफसफाईत घाई झाली की पुढे गळतंच. नव्या चकतीखाली रबरी वायसर किंवा सिलिकॉनची पातळ वळी द्या, कपलिंग वरून सोडा, खाच ओव्हरफ्लोच्या वाटेसमोर येईल असं फिरवा. खालून रबरी वायसर, मग नट. हाताने घट्ट होईल तितकं करा आणि पान्याने फक्त पाव फेरी. चिनी मातीचं बेसिन ओढाताण सहन करत नाही, तडा भोकापासूनच सुरू होतो. सिलिकॉन लावलं असेल तर २४ तास बेसिन वापरू नका. प्लॅटफॉर्म संगमरवराचा असेल तर न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला डाग पाडू शकतं.

८. कपलिंग बदललं आणि आता खालून ठिबकतंय. नट घट्ट केला तरी थांबत नाही.

नट आणखी आवळू नका. आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा. खालचा सगळा भाग कोरडा पुसा. बेसिनच्या तोंडावर ओलं फडकं दाबून अर्धं बेसिन भरा आणि फडकं काढून घ्या. पाणी वाहत असताना कोरडा टिश्यू पेपर वरून खाली एकेका सांध्याला टेकवत जा. डोळ्यांना न दिसणारा ओलावाही कागदावर लगेच दिसतो.

कागद बेसिनच्या बुडाशी, वायसरजवळ ओला झाला तर वायसर तिरका बसला आहे किंवा खाली जुना सिमेंट राहिला आहे. कागद नटच्या खालच्या बाजूला, आट्यांवर ओला झाला तर पाणी खाचेतून बाहेर येऊन आट्यांच्या वळणांतून खाली उतरतंय. हाफ थ्रेड कपलिंगमध्ये हे नेहमी होतं आणि नट कितीही आवळला तरी थांबत नाही. नट सोडवून वायसर जिथे बसतो तिथल्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे द्या किंवा सिलिकॉन भरा, आणि पुन्हा लावा. कागद बॉटल ट्रॅपच्या नटाशी ओला झाला तर आतली रबरी रिंग जागेवर नाही.

९. माझ्या बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक नाही. चालेल का? आणि असेल तर जाळीमुळे ते बंद होतं का?

ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला, विशेषतः प्लॅटफॉर्मवर ठेवलेल्या वाडग्यासारख्या बेसिनला, उघडं तोंड आणि जाळी हीच योग्य जोडी आहे. बंद होणारं झाकण तिथे असूच नये, कारण नळ उघडा राहिला तर जादा पाण्याला दुसरी वाट नाही. अशा बेसिनची जाळी मात्र वेळच्या वेळी साफ हवी, कारण ती पूर्ण भरली की तीच झाकण होते.

ओव्हरफ्लो असेल तर ते पाणी कपलिंगच्या खाचेतून, म्हणजे जाळीच्या खालून आत येतं. उथळ जाळीचा त्याच्याशी संबंध येत नाही. खोल टोपलीची भिंत भरीव असेल आणि ती खाचेला चिकटून बसत असेल तर वाट अडते. टोपलीच्या बाजूलाही भोकं आहेत ना, ते घेताना बघा.

१०. जाळी बसवल्यापासून पाणी हळू जातं. जाळी काढली की नीट जातं. मग जाळी खराब आहे का?

भोकं फार बारीक असतील तर पाण्याचा पडदा त्यांवर धरून राहतो, आणि टूथपेस्टचा फेस आला की जास्तच. साधारण २ ते ३ मिमीची भोकं बेसिनला पुरतात. केस तेवढ्या भोकांवर आडवे पडून अडकतात. सपाट जाळीपेक्षा किंचित खोलगट जाळी बरी, कारण कचरा तळाशी बसला तरी बाजूची भोकं मोकळी राहतात.

जाळी काढूनही पाणी हळूच जात असेल तर दोष जाळीचा नाही. प्रश्न ३ मधली सफाई करा, मग बॉटल ट्रॅपचा खालचा वाटीसारखा भाग फिरवून काढा आणि धुवा. त्यापुढे घडीघडीचा लवचिक वेस्ट पाइप असेल तर त्याच्या घड्यांत मळ धरतो. तो साफ करत बसण्यापेक्षा बदलणं सोपं.

११. जाळी लावली की वास आणि झुरळं बंद होतील ना?

वास जाळीने थांबत नाही. तो थांबवतं बॉटल ट्रॅपमध्ये उभं राहिलेलं पाणी. घर महिनाभर बंद असलं, गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेलात, की ते पाणी सुकतं आणि ड्रेनेजचा वास सरळ घरात येतो. परत आल्यावर प्रत्येक बेसिनमध्ये आणि मोरीत तांब्या-दोन तांबे पाणी ओता. जाण्याआधी वर चमचाभर स्वयंपाकाचं तेल ओतून ठेवलं तर पाणी सावकाश सुकतं. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून ते नको.

आपल्या जुन्या घरांत पुष्कळदा बेसिनला बॉटल ट्रॅपच नसतो. लवचिक पाइप थेट मोरीच्या जाळीत सोडलेला असतो आणि वास अडवण्याचं काम खालचा न्हाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालची पाणी धरून ठेवणारी वाटी, करतो. तिथे पाइपभोवतीची फट हीच झुरळांची वाट असते. बेसिनवर कितीही बारीक जाळी ठेवली तरी ती फट बंद केल्याशिवाय उपयोग नाही. पाइपच्या मापाचं भोक असलेलं झाकण मोरीसाठी मिळतं, ते लावा. बेसिनच्या तोंडातून येणारी मोठी झुरळं मात्र २-३ मिमीच्या जाळीने अडतात.

१२. जेवणाच्या खोलीतल्या बेसिनला हीच जाळी चालेल?

चालेल, पण इथे टोपलीसारखी खोल घ्या. या बेसिनमध्ये केस कमी आणि भाताची शितं, कढीपत्ता, मोहरी, माशाचे काटे जास्त. सपाट जाळी चार जण हात धुऊन होईपर्यंत भरते. जेवण झाल्यावर टोपली ओल्या कचऱ्यात झटका. शिजलेला भात पाइपमध्ये फुगून चिकटतो आणि तूप-तेलासोबत घट्ट होतो, म्हणून हे बेसिन बाथरूमच्या बेसिनपेक्षा लवकर तुंबतं.

मेंदी, उटणं, रांगोळीचे हात इथे किंवा कुठल्याच बेसिनमध्ये धुऊ नका. ती बारीक पूड जाळीतून सरळ जाते आणि ट्रॅपच्या तळाशी गाळ होऊन बसते. मेंदी आधी सुकी खरवडा, मग हात मोरीत धुवा. ट्रिमरने कापलेल्या दाढीचंही तेच. आखूड केस जाळी अडवू शकत नाही. बेसिनमध्ये वर्तमानपत्र पसरून दाढी करा आणि कागद गुंडाळून टाका.

१३. बोअरचं पाणी आहे. जाळीवर पांढरा थर बसतो, भोकं बुजतात. ॲसिडने साफ करू का?

ॲसिड नको. बाजारात बाथरूमसाठी मिळणारं ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. ते क्रोम उडवतं आणि स्टीललाही बारीक खड्डे पाडतं, आणि खड्डे पडलेल्या स्टीलवर मळ अधिकच धरतो. जाळी हाताने निघणारी आहे, तेव्हा ती वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून अर्धा तास बुडवा आणि ब्रशने घासा. व्हिनेगरही चालेल.

पाइप मोकळा करण्याची पावडर, म्हणजे कॉस्टिक सोडा, वापरणार असाल तर जाळी आधी काढा. कॉस्टिक पाण्यात पडताच खूप तापतं. ते ॲसिडसोबत किंवा ॲसिड टाकल्यानंतर लगेच कधीही टाकू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. उकळतं पाणीही थेट ओतू नका. पीव्हीसीचे सांधे त्याने ढिले होतात आणि बेसिनला तडा जाऊ शकतो.

१४. जाळी साफ करायला काढली आणि नेमकं तेव्हाच कानातलं आत गेलं. आता?

नळ बंद करा आणि त्या बेसिनमध्ये कोणालाही पाणी सोडू देऊ नका. बॉटल ट्रॅप असेल तर जड वस्तू त्याच्या तळाशीच सापडते. खाली बादली ठेवा, ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढा आणि त्यातलं पाणी चाळणीतून ओता. वाटी परत लावताना रबरी रिंग सपाट बसली आहे ना बघा. लवचिक पाइप थेट मोरीत जात असेल तर पाइप खालून काढून बादलीत झटका. तिथे नसेल तर न्हाणी ट्रॅपच्या वाटीत हातमोजा घालून शोधा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी, आणि बेसिनपाशी दागिने काढून ठेवणाऱ्यांनी, जुनं झाकण किंवा साधं रबरी बूच जवळ ठेवावं. त्या दोन मिनिटांपुरतं ते लावायचं आणि मग जाळी परत. एक वापरलं म्हणून दुसरं फेकून द्यायला नको.

१५. आम्ही अमेरिकेत राहतो. इथे नळामागे दांडी आहे आणि झाकण हाताने निघत नाही.

हे प्रश्न २ मधलं दांडीचं पॉप-अप. बेसिनखाली बघा: ड्रेनच्या नळीच्या मागच्या बाजूला एक नट आहे आणि त्यातून आडवी सळई आत गेली आहे. झाकणाच्या बुडाचा डोळा तिच्यात अडकलेला असतो. खाली भांडं ठेवून नट हाताने सोडवा, सळई मागे ओढा, झाकण वरून उचला.

इथे एक चूक हमखास होते. झाकण निघालं म्हणून सळई काढून फेकली जाते आणि नळीला बाजूने भोक उघडं राहतं. पुढच्या वेळी नळ सोडला की कपाटात पाणी. सळई तिच्या गोळ्यासकट परत लावा आणि नट आवळा, किंवा त्या भोकासाठी मिळणारी बंद टोपी लावा. सळई ठेवलीत तर तिचं टोक नळीच्या मधोमध येतं, केस तिच्यावर अडकतात आणि खोल टोपली पूर्ण आत बसत नाही. म्हणून टोपी लावणं जास्त चांगलं. भाड्याचं घर असेल तर काढलेला प्रत्येक भाग एका पिशवीत भरून त्याच कपाटात ठेवा, घर सोडताना परत बसवता येतो. हे पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या घरालाही लागू.

१६. जाळी किती दिवसांनी साफ करायची?

लांब केसांची माणसं असलेल्या घरात रोज, नाहीतर एक दिवसाआड. केस ओले असताना बोटाने गोळा होतात, सुकले की चिकटतात, म्हणून सकाळची सगळ्यांची तोंडं धुऊन झाल्यावर लगेच काढा. काढलेले केस संडासात टाकू नका, कचऱ्यात टाका. आठवड्यातून एकदा जाळी उचलून खालच्या बाजूने आणि तोंडाच्या आत ब्रश फिरवा.

१७. सगळं केलं. जाळी स्वच्छ, ट्रॅप स्वच्छ. तरी पाणी उलट वर येतं.

तुम्ही नळ सोडलेला नसताना बेसिनमध्ये किंवा मोरीत पाणी वर येत असेल, किंवा वरच्या मजल्यावर कोणी पाणी सोडलं की तुमच्याकडे गडगड आवाज होत असेल, तर इमारतीची उभी लाइन किंवा खालची चेंबर भरली आहे. घरातलं काहीही खोलून उपयोग होणार नाही. सोसायटीला लगेच कळवा आणि चेंबर उघडून बघायला सांगा. तोवर वॉशिंग मशीन लावू नका, कारण तिचं पाणी एकदम सुटतं आणि खालच्या मजल्यावरच्या घरात वर येतं.